बेगम म्हणजे नुसती बायको नव्हे: एका किताबाचा अर्थ आणि त्याचा उगम

बेगम म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यासमोर बादशहाची बायको येते. सिरियल, सिनेमे, पत्त्यातली हिंदी बेगम (आपण मराठीत तिला राणी म्हणतो), सगळ्यांनी मिळून हा अर्थ इतका पक्का केलाय की कुणी वेगळं काही सांगितलं तर ऐकायलाच विचित्र वाटतं. पण बघा, शाहजहानची थोरली मुलगी जहाँआरा आयुष्यभर लग्नाशिवाय राहिली आणि तिच्या काळातल्या सगळ्या कागदांत ती बेगम आहे, नुसती बेगम नाही तर बेगम साहिब. बाबराची मुलगी गुलबदन, ती तर जन्मापासून बेगम. म्हणजे हा शब्द लग्नाने मिळणारा नव्हता, निदान मुळात तरी नव्हता. तो कुळाने मिळायचा, आणि नंतर नंतर लग्नाने, मर्जीने, कर्तबगारीने पण मिळायला लागला. ह्या बदलाचा प्रवास मला फार मोलाचा वाटतो कारण त्यात आपला इतिहास पण येतो, सुरत येते, आग्रा येतं, येसूबाई येतात, मराठवाड्यातल्या दोन वस्त्यांची नावं येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी शब्द कुठून आला ते बघू. मूळ शब्द आहे बेग. हा तुर्की शब्द, आणि इथे तुर्की म्हणजे फक्त आजच्या तुर्कस्तानची भाषा नाही, मंगोलियापासून पार भूमध्य समुद्रापर्यंत पसरलेलं सगळं भाषाकुळ. मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात क्युल तेगिन नावाच्या तुर्क राजपुत्राच्या स्मरणार्थ सन ७३२ मध्ये उभारलेला एक मोठा कोरीव दगड आहे, त्यावरची लिपी १८९३ मध्ये विल्हेल्म थॉमसेन ह्या डॅनिश विद्वानाने उलगडली, तर त्या लेखात राजा आपल्या बेगांना आणि रयतेला उद्देशून बोलतो. बेग म्हणजे टोळीचा सरदार, नाईक म्हणा, ज्याच्या हाताखाली माणसं आणि घोडे आहेत तो. हाच बेग पुढे उस्मानी तुर्कांकडे बे झाला, आणि आपल्याकडे मिर्झा बेग, बेग आडनावाची घरं महाराष्ट्रात कितीतरी आहेत, ते आडनाव हेच.

आता बेगचं बेगम कसं झालं. तुर्की भाषांमध्ये एक गंमत आहे, त्यांच्या व्याकरणात लिंगच नाही. तो, ती, ते सगळ्याला एकच सर्वनाम. आपल्याकडे पाटील-पाटलीण, देशमुख-देशमुखीण, सरदार-सरदारीण असं सरळ करता येतं, तिथे तसा प्रत्यय लावायची सोयच नाही. मग काय झालं, तर ‘माझा’ दाखवणारा जो प्रत्यय आहे, इम किंवा उम, तो बेगला लागला आणि बेगिम, बेगुम म्हणजे ‘माझे मालक, माझे धनी’ असं आदराचं संबोधन तयार झालं, आणि ते सरदार घराण्यातल्या बायकांसाठी रूढ झालं. खानपासून खानम तसंच. हा खुलासा सगळ्यात जास्त मान्य आहे, काही अभ्यासक मात्र म्हणतात की हा म ‘माझा’वाला नसून स्त्रीलिंग दाखवणारा एखादा जुना प्रत्यय असावा. मला पहिला खुलासा जास्त पटतो कारण जगभर हे असंच झालेलं दिसतं. फ्रेंच मादाम म्हणजे शब्दशः ‘माझी बाईसाहेब’, आणि शाळेत आपण ज्यांना मॅडम म्हणतो तो शब्द तिथूनच आलाय. हाक मारता मारता हाकेचाच किताब होतो.

इथे मराठी माणसाला एक हमखास शंका येते. आपल्याकडे बेगमी असा शब्द आहे, पावसाळ्याची बेगमी, वर्षाच्या धान्याची बेगमी. आणि बऱ्याच जणांनी असं ऐकलेलं असतं की बेगम म्हणजे बे-गम, जिला गम नाही, दुःख नाही ती, राजवाड्यात सुखात राहणारी. ऐकायला फार गोड आहे पण ते खरं नाही. बेगमीतला बे आणि ग़म हे फारसी आहेत, बे म्हणजे विना आणि ग़म म्हणजे चिंता, घरात धान्य भरून ठेवलं की माणूस बेफिकीर होतो म्हणून ती बेगमी. बेगम हा किताब तुर्की. उर्दूत लिहिताना दोन्ही वेगळे लिहितात, एकात साधा ग असतो आणि दुसऱ्यात घशातला ग़, देवनागरीत आपण नुक्ता देत नाही म्हणून दोन्ही एक दिसतात. संत रविदासांच्या पदातलं बेगमपुरा, जिथे दुःख नाही, कर नाही, उच्चनीच नाही असं शहर, ते पण ह्या ग़म वरून. तिथे कुठल्या राणीचा संबंध नाही, आणि हा फरक नीट लक्षात ठेवायला हवा कारण रविदास जे शहर सांगतायत ते नेमकं किताब आणि दर्जे नसलेलं शहर आहे.

बरं आता मुख्य मुद्दा. किताबाचा अर्थ डिक्शनरीत बघून पूर्ण कळत नाही, त्याच्या वर कोण आणि खाली कोण हे बघावं लागतं. बेगम आज आपल्याला सगळ्यात वरचा शब्द वाटतो पण मध्य आशियात तो दुसऱ्या पायरीवर होता. पहिल्या पायरीवर खानम.

ह्याचं कारण चंगीझखान. तेराव्या शतकानंतर त्या भागात एक नियम पक्का झाला की खान ही पदवी फक्त चंगीझच्या वंशातल्या पुरुषानेच घ्यायची. बाकी कितीही मोठा असो. तैमूरने दिल्लीपासून अंकारापर्यंत धुमाकूळ घातला पण तो चंगीझच्या वंशातला नव्हता म्हणून तो कधी खान झाला नाही, स्वतःला अमीर म्हणवून घेत राहिला (अमीर हा बेगचाच अरबी अवतार समजा) आणि नावाला चंगीझ वंशातला एक खान गादीवर बसवून ठेवला. त्याने १३७० मध्ये आपला प्रतिस्पर्धी अमीर हुसेन ह्याला हरवल्यावर त्याची बायको सराय मुल्क खानम हिच्याशी लग्न केलं, ती चंगीझच्या वंशातली राजकन्या होती, आणि त्या लग्नामुळे तैमूर गुरगान म्हणजे राजघराण्याचा जावई हा किताब अभिमानाने लावू लागला. म्हणजे नवरा अर्ध्या जगाचा मालक आणि तरी कुळाने बायको वरची. समरकंदमधली प्रसिद्ध बीबी खानम मशीद तिच्याच नावाने ओळखली जाते.

हा नियम डोक्यात ठेवून बाबराच्या घरातल्या तीन बायका बघा, कारण ह्याहून स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. बाबराची आजी, आईची आई, ऐसान दौलत बेगम. ती एका बेगची मुलगी होती म्हणून बेगम. तिचं लग्न झालं युनूस खानाशी, हा चंगीझच्या वंशातला खरा खान. त्यांची मुलगी, म्हणजे बाबराची आई, कुतलुग निगार खानम. बाप खान म्हणून मुलगी खानम, आईपेक्षा एक पायरी वर. ह्या खानमचं लग्न झालं फरगाण्याच्या उमर शेख मिर्झाशी, तो तैमूरच्या वंशातला, म्हणून त्यांची मुलगी, बाबराची थोरली बहीण, खानजादा बेगम. आजी बेगम, आई खानम, नात परत बेगम. लग्नाने कुणाचाच किताब बदलला नाही! ऐसान दौलत खानाची पट्टराणी झाली तरी खानम झाली नाही, आणि कुतलुग निगार मिर्झाच्या घरी आली तरी बेगम झाली नाही. प्रत्येकीने आपल्या बापाचा दर्जा आयुष्यभर बरोबर नेला. ह्या ऐसान दौलत आजीबद्दल बाबराने आपल्या आठवणींत फार आदराने लिहिलंय, सल्लामसलतीत आणि अकलेत तिच्या तोडीच्या बायका थोड्याच असं तो म्हणतो, आणि बाप मेल्यावर बारा वर्षांच्या पोराची गादी तिनेच सांभाळली.

मग तैमूरचं घराणं भारतात आलं आणि इथे सगळं गणित बदललं. बाबराने १५०७ मध्येच काबूलला असताना स्वतःला पादशाह म्हणवून घ्यायला सुरुवात केली होती, म्हणजे खानाच्या खाली राहायचं बंधन त्याने सोडून दिलं. आणि इकडे हिंदुस्थानात खान हा शब्द अफगाण सरदार लावत होते, सुलतानांच्या दरबारातले उमराव लावत होते, मुघल बादशहा स्वतः आपल्या सरदारांना खान किताब वाटायला लागले. शाइस्ताखान, दिलेरखान, अफजलखान, ह्यातल्या कुणाचाच चंगीझशी संबंध नाही, खान म्हणजे आता नोकरीतला मोठा अधिकारी. साहजिकच खानमचं वजन गेलं आणि बादशहाच्या घरातल्या लेकीसुनांचा जो शब्द होता, बेगम, तो सगळ्यात वर गेला. शब्द तोच, अर्थ पण तोच, फक्त वरची पायरी निघून गेली.

गुलबदन बेगमचं इथे नाव घ्यायलाच हवं. तिने अकबराच्या सांगण्यावरून आपला भाऊ हुमायून ह्याच्यावर फारसीत आठवणी लिहिल्या, हुमायूननामा म्हणून, आणि मुघल जनानखान्यातल्या बायका एकमेकींना काय म्हणायच्या, कोण कुठे बसायचं, कोणाच्या तंबूत बादशहा किती वेळ बसला ह्यावरून कशा रुसायच्या हे आपल्याला कळतं ते तिच्यामुळे. तिच्या लिखाणात बेगम, खानम, आगाचा असे दर्जे अगदी सहज येतात, समजावून सांगत नाही कारण तिच्या वाचकांना माहीतच होतं. आगाचा म्हणजे घरातलीच पण राजवंशातली नसलेली बाई. बाबराने लग्न केलेली युसुफझाई पठाणांच्या मुखियाची मुलगी बीबी मुबारिका, ती ह्या लिखाणात अफगाणी आगाचा आहे. मोठ्या टोळीची मुलगी, बादशहाची लग्नाची बायको, पण बेगम नाही. बेगम म्हणजे बायको असं समजणाऱ्यांनी हे एक उदाहरण लक्षात ठेवलं तरी पुरे.

पुढे ह्याच पायऱ्या औरंगजेबाच्या घरात दिसतात आणि त्या आपल्या महाराष्ट्राच्या जमिनीवर आजही वाचता येतात. छत्रपती संभाजीनगरात बीबी का मकबरा आहे, तिथे जी पुरलेली आहे तिचं नाव दिलरस बानू बेगम. ती इराणच्या सफवी राजघराण्याच्या शाखेतली, म्हणून बेगम, ह्यात कुणाला शंकाच नाही. ती १६५७ मध्ये तिथेच गेली आणि मकबरा तिचा मुलगा आझमशहाच्या हातून पुरा झाला. मकबऱ्याच्या शेजारची वस्ती बेगमपुरा. औरंगजेबाची दुसरी बायको, पुढे बहादूरशहा झाला त्या मुअज्जमची आई, ती काश्मीरकडच्या राजौरीच्या राजाची मुलगी, रजपूत वंशातली, तिला म्हणायचे नवाब बाई. बाई, बेगम नाही. तिने अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला सराई बांधली आणि त्याच शहरात एक वस्ती वसवली, बायजीपुरा. म्हणजे एकाच शहरात बेगमपुरा आणि बायजीपुरा, एकाच माणसाच्या दोन बायकांच्या दोन दर्जांवरून. रोज तिथून रिक्षाने जाणारी माणसं ही नावं घेतात आणि कित्येकांना ह्यातला अर्थ कधी कुणी सांगितलेला नसतो, शाळेत हे शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं. तिसरी एक होती औरंगाबादी महल, ती १६८८ मध्ये विजापूरला प्लेगने गेली. आणि म्हातारपणात औरंगजेबाची लाडकी होती ती उदयपुरी महल, कामबक्षची आई. ज्यांना मोठं माहेर नव्हतं त्यांना असं गावाच्या नावावरून ओळखायचे. पण महल शब्द दिसला की दर्जा खालचा असं मात्र समजू नका, मुमताज महल मध्ये तो किताबाचा भाग आहे आणि तिचं खरं नाव अर्जुमंद बानू बेगम.

आता जहाँआरा. १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला मुमताज गेली तेव्हा जहाँआरा सतरा वर्षांची होती. शाहजहानने मुमताजच्या खाजगी दौलतीतला अर्धा वाटा एकट्या जहाँआराला दिला आणि उरलेला अर्धा बाकीच्या सगळ्या मुलांत वाटला. तिला पादशाह बेगम ही पदवी मिळाली, म्हणजे जनानखान्यातली पहिली स्त्री, जी आधी नूरजहान आणि मुमताज ह्यांच्याकडे होती. ह्या पदवीचा अर्थ बादशहाची राणी असा नाही तर बायकांमधली बादशहा असा घ्यायचा, कारण ती मुलीकडे, बहिणीकडे पण जायची. दरबारी भाषेत ती बेगम साहिब. इथे साहिब हा पुल्लिंगी शब्द मुद्दाम आहे, तसाच जसा आपण आईसाहेब, आऊसाहेब, बाईसाहेब म्हणतो, बाईला सगळ्यात मोठा मान द्यायचा तर शेवटी साहेब.

आणि पादशाह बेगम म्हणजे नुसता मान नव्हता, मागे पैसा होता. तिचा स्वतःचा शिक्का, स्वतःची फर्मानं, स्वतःचं जहाज, दिल्लीतला चांदणी चौक तिने आखलेला. आणि सुरत बंदराच्या जकातीचं उत्पन्न तिच्याकडे होतं. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा नुकसान कोणाचं झालं हे ह्या संदर्भात बघा. मे १६६६ मध्ये महाराज आग्र्याला गेले तेव्हा बादशहाकडे त्यांच्याविरुद्ध तक्रार करणाऱ्यांत ही बेगम साहिब होती, आणि वजीर जाफरखानाची बायको होती जी शाइस्ताखानाची बहीण, तिच्या भावाची बोटं पुण्यात तुटलेली. आग्र्याहून रजपूत अधिकाऱ्यांनी आमेरला (जयपूर वसायच्या आधीची त्या घराण्याची राजधानी) पाठवलेल्या पत्रांतून हे कळतं. आपल्याकडे आग्र्याची गोष्ट सांगताना औरंगजेब आणि पेटारे एवढंच सांगितलं जातं, पण पडद्याच्या आत बसलेल्या एका किताबधारी बाईच्या उत्पन्नाचा प्रश्न त्यात होता हे समजलं की दरबारातलं राजकारण एकदम खरं वाटायला लागतं.

जहाँआरा १६८१ मध्ये गेली. त्यानंतर पादशाह बेगम झाली औरंगजेबाची मुलगी झीनत-उन-निसा, ती पण बिनलग्नाची, आणि बापाबरोबर दख्खनच्या छावणीत तिने वर्षानुवर्षं काढली. १६८९ मध्ये रायगड पडला, येसूबाई आणि सात वर्षांचा शाहू कैद होऊन छावणीत गेले, तेव्हा त्यांचे तंबू हिच्या तंबूजवळ होते आणि शाहूवर तिचा जीव होता असं मराठी आणि फारसी दोन्हीकडच्या परंपरेत सांगितलं जातं. शाहू १७०७ मध्ये सुटला, येसूबाईंना मात्र १७१९ पर्यंत थांबावं लागलं. एका बाजूला संभाजी महाराजांची विधवा आणि दुसऱ्या बाजूला ज्याने त्यांना मारलं त्याची मुलगी, दोघी एकाच छावणीत, हा भाग वाचताना दर वेळी मला थांबायला होतं.

दख्खनच्या सुलतानांकडे मात्र बेगमपेक्षा बीबी आणि साहिबा जास्त चालायचं. बीबी हा फारसी शब्द, घरची मालकीण, आदरणीय बाई. १५९५-९६ मध्ये मुघलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी, ती चांद बेगम नाही, कारण हे घराणं मुघल नव्हतं. विजापूरची बडी साहिबा, जिच्या काळात १६५९ ला अफजलखान निघाला, तिला मराठीत आपण सर्रास बडी बेगम म्हणतो पण तो आपला नंतरचा शब्द.

अठराव्या शतकात मुघल बादशाही ढासळली आणि किताब कुळाच्या हातातून सुटले. बेगम समरू हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. मूळची फरझाना नावाची नाचणारी मुलगी, वॉल्टर राइनहार्ट नावाच्या युरोपियन भाडोत्री सेनापतीबरोबर राहिली, त्याला सोम्ब्र म्हणायचे त्याचं आपल्या लोकांनी समरू केलं. १७७८ मध्ये तो मेल्यावर त्याच्या पलटणी आणि मेरठजवळची सरधन्याची जहागीर तिने स्वतःच्या हातात घेतली, १७८१ मध्ये ती ख्रिश्चन झाली, शाह आलम बादशहाला तिने अडचणीत वाचवलं आणि त्याने तिला झेब-उन-निसा किताब दिला. बाप बेग नाही, नवरा बादशहा नाही, धर्म मुसलमान नाही, आणि तरी सगळा हिंदुस्थान तिला बेगम म्हणतो. तिच्या पलटणी १८०३ मध्ये शिंद्यांच्या बाजूने असईच्या लढाईत होत्या, असई म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं गाव. १८३६ मध्ये ती गेली, सरधन्याचं तिचं चर्च आजही आहे.

आणि भोपाळ. १८१९ मध्ये नवरा गेल्यावर कुदसिया बेगमने तान्ह्या मुलीच्या नावाने कारभार हातात घेतला, मग ती मुलगी सिकंदर बेगम, मग तिची मुलगी शाहजहान बेगम, मग तिची मुलगी सुलतान जहान बेगम, मधली थोडी वर्षं सोडली तर १९२६ पर्यंत आई-मुलगी-नात-पणती असा कारभार चालला. इथे नीट बघा, त्यांची गादीची पदवी नवाब होती, राज्य करायचा अधिकार नवाब ह्या शब्दात होता आणि बेगम हा शब्द त्यांचं घराणं सांगायचा. सिकंदर बेगम पडदा सोडून घोड्यावरून राज्यात फिरायची, सुलतान जहान बेगम १९२० मध्ये अलिगढ मुस्लिम विद्यापीठाची पहिली कुलपती, म्हणजे आजच्या भाषेत चान्सलर झाली. बेगम म्हणजे पडद्याआडची असं चित्र ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी भोपाळचा इतिहास वाचावाच.

अवधच्या बेगमांबद्दल थोडक्यात. फैजाबादच्या बेगमांची दौलत कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या काळात जबरदस्तीने घेतली गेली आणि १७८७ मध्ये खासदार शेरिडनने लंडनच्या पार्लमेंटमध्ये त्यावर पाच तासांपेक्षा जास्त भाषण केलं, त्यामुळे बेगम हा शब्द सामान्य इंग्रज माणसाच्या तोंडी बसला. आणि १८५७ ची बेगम हजरत महल, तिला हजरत महल हा किताब मुलगा झाल्यावर मिळालेला. म्हणजे लखनौला तोपर्यंत किताब आईपणाने पण चढायचा. ती नेपाळात काठमांडूला १८७९ मध्ये गेली, इंग्रजांची पेन्शन तिने घेतली नाही.

राजवाडे गेल्यावर बेगम हा शब्द खानदानी मुसलमान घरातल्या लग्न झालेल्या बाईसाठी सौभाग्यवतीसारखा वापरला जाऊ लागला, आणि आपल्या डोक्यातला बायको हा अर्थ इथून येतो, तो फार जुना नाही. त्यात मानापमान किती भरलेला होता हे बघायचं तर बेगम अख्तर. आधी त्या अख्तरीबाई फैजाबादी. १९४५ मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी ह्यांच्याशी लग्न झालं, गाणं काही वर्षं बंद झालं, आजारी पडल्या, आणि १९४९ च्या सुमारास पुन्हा रेडिओवर आल्या तेव्हा बेगम अख्तर म्हणून. आवाज तोच, गळा तोच, पण उत्तरेत गाणारीच्या नावामागचं बाई म्हणजे कोठा आणि बेगम म्हणजे घर. ह्याच काळात आपल्याकडे केसरबाई, मोगूबाई, हिराबाई बाईच राहिल्या, कारण मराठीत बाई हा शब्द जिजाबाई, येसूबाई, अहिल्याबाईंनी इतका वर नेऊन ठेवलेला होता की तो टाकून द्यायची गरजच नव्हती. नवाब बाई बेगमच्या खाली आणि अहिल्याबाई कुणाच्याच खाली नाही, शब्द एकच. अख्तरीबाईंनी नाव बदललं म्हणून त्यांना कमी समजू नये, समाजाने त्यांच्यापुढे जी पायरी ठेवली ती त्यांनी चढली.

कागदपत्रं वाचणाऱ्यांसाठी एक उपयोगी गोष्ट. मुघल काळात बेगम नावाच्या मागे लागायचं, गुलबदन बेगम, जहाँआरा बेगम. विसाव्या शतकात ते इंग्रजी मिसेससारखं पुढे आलं, बंगालच्या लेखिका बेगम रुकैया, संविधान सभेतल्या बेगम ऐजाज रसूल (त्या सभेतल्या एकमेव मुस्लिम महिला). म्हणून पुढे लागलेलं बेगम दिसलं की ते बहुतेक नवीन वळणाचं असतं, हजरत महलसारखी नावं आपण आज पुढे बेगम लावून लिहितो ती पण ह्याच सवयीने. आणि मागे लागलेलं बेगम आता किताब राहिलेलंच नाही. मराठवाड्यातल्या मतदार यादीत बघा, बेगम, बी, बानू, खातून ओळीने दिसतील. बी म्हणजे बीबीचं छोटं रूप. खातून तर ह्या सगळ्यात जुना, ओर्खोनच्या दगडावर राजाच्या आईसाठी जो कातुन शब्द कोरलाय तोच हा, तेव्हा तो सम्राज्ञीचा शब्द होता. आज तो शेतमजूर बाईच्या आधार कार्डावर आहे आणि त्यात वाईट काही नाही, उलट हा मान राजवाड्यापुरता राहिला नाही ह्याचा मला आनंदच वाटतो.

तिकडे मध्य आशियात उझबेक लोक अजून जुनाच उच्चार करतात, बेगिम, आणि मुलींच्या नावाच्या शेवटी तो प्रेमाने लावतात. तुर्कस्तानात बेगुम हे मुलीचं साधं पहिलं नाव झालंय. आणि तिथे दुकानात, ऑफिसात, शेजारणीला आदराने हाक मारायची असेल तर नावामागे लावतात हानिम, म्हणजे कुतलुग निगारची ती खानम.